वापसा हाय का नाय

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. यंत्रात काहीही दोष नव्हता. ते जमिनीतली ओल अधिक-उणे दोन टक्क्यांच्या अचूकतेने मोजत होतं आणि शेवटच्या क्षणापर्यंत, म्हणजे कुरियरवाल्या समाधानरावांनी ते कुदळीने उकरून पोत्यात घालेपर्यंत, मोजत राहिलं. त्याच्या शेवटच्या नोंदीत ओल एकदम शून्यावर आलेली दिसते. पोत्यात ओल नसते, त्यामुळे तीही नोंद बरोबरच आहे.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा घेते, म्हणजे मुलांनी उलट्या जोडलेल्या तारा सुलट्या करून देते. त्यामुळे घराण्यात कुणाचाही मिक्सर, मोबाइल किंवा गीझर बिघडला की तो माझ्याकडे येतो. विहीर येण्याची ही पहिलीच वेळ होती.

विहीर कला आत्याची. आत्या आणि पुंजाराम मामा मातोरीच्या बाजूला राहतात. (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामा म्हणतात. यामागचं तर्कशास्त्र मी बरीच वर्षं शोधते आहे.) त्यांचा वीस गुंठे झेंडू होता, खास दसऱ्यासाठी लावलेला. ऑगस्टच्या मध्यावर पावसाने दडी मारली आणि तो पुन्हा तोंड दाखवीना. मी दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारून विहीर मोजली. झऱ्याचं रोजचं येणं धरून गणित असं आलं की विहिरीत अकरा पाण्यांचं पाणी आहे. सगळ्या झेंडूला एकदा ठिबक सोडलं की ते एक पाणी. दसऱ्याला पंचेचाळीस दिवस होते आणि आत्या दर तिसऱ्या दिवशी पाणी देते, म्हणजे लागणार पंधरा. ही वजाबाकी आत्याने माझ्या आधीच केली होती, तीही दोरीशिवाय. तिचं ठरलं होतं : दहा गुंठे उपटायचे आणि दहा जगवायचे.

मी म्हणाले, उपटू नको. सवयीने तिसऱ्या दिवशी पाणी देण्याऐवजी जमिनीला खरोखर हवं तेव्हाच दिलं, तर अकरा पाण्यांत वीस गुंठे निघतात. जमिनीला कधी हवंय ते सांगणारं यंत्र मिळतं. ते मी आणते.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "एक बी झाड उपटायचं नाय?"

"एकही नाही."

"आन दसऱ्याआधी हीर आटली तर वीसच्या वीस गुंठे जातील, बरं का तृप्ते. आज दहा तरी माझ्या हातात हायेत."

मी हो म्हणाले. विज्ञानाच्या बाजूने बोलताना माणसाला वाटतं की विज्ञानही आपल्या बाजूने आहे. ते तटस्थ असतं, हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं.

यंत्र 'ओलमित्र' नावाच्या कंपनीचं होतं. कंपनी ते प्रायोगिक तत्त्वावर निवडक शेतकऱ्यांना वापरायला देणार होती. अट एवढीच की सातबारा आणि आधार जोडायचं. सातबाऱ्यावर आत्याचं नाव निघालं 'कळाबाई', आधारवर 'कलाबाई'. ॲपने अर्ज नाकारला. तलाठी कार्यालयातल्या गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि या दोन वेगळ्या बाया असू शकतात, असं अनुमान काढलं. आत्या समोरच उभी होती. ती म्हणाली, दोघी मीच. पण पुरावा म्हणून माणूस कमी पडतो, कागदच लागतो. शेवटी 'मी कळाबाई हीच कलाबाई' असं प्रतिज्ञापत्र झालं. साक्षीदार म्हणून मामांनी सही केली आणि चौतीस वर्षांत आपल्याला घरात एकच दिसली, असं तोंडी जोडलं. ल आणि ळ यांच्यामध्ये आठ दिवस गेले. आठ दिवसांत तीन पाणी गेलं. विहिरीत उरली आठ.

यंत्र आलं तेव्हा ते कुठे पुरायचं यावर गावात एकमत होईना. ते शेताच्या सरासरी जागी पुरायचं हे मला ठाऊक होतं, पण सरासरी जागा दाखव म्हटल्यावर मला बोट दाखवता आलं नाही. मामांचं म्हणणं ईशान्येला. शेजारचे नाथाभाऊ म्हणाले, बांधाला धरून पुरा, म्हणजे माझ्याही शेतातलं कळेल. नाथाभाऊ हे गावातले जिज्ञासू गृहस्थ. कुठलीही नवी वस्तू आली की ते आधी ती हातात घेऊन वजन बघतात. माझे बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. त्यांनी फोनवर फक्त अर्थिंग तपासलंस का एवढंच विचारलं. त्यांच्या मते जगातले सगळे प्रश्न अर्थिंगचे आहेत. यंत्राला अर्थिंग म्हणून वेगळं काही नव्हतं, ते अख्खंच जमिनीत होतं, हे सांगितल्यावर ते समाधानाने फोन ठेवून मोकळे झाले.

पुरलं त्याच दिवशी यंत्र बंद पडलं. मी कॉलेज सुटल्यावर स्कूटरवरून तिथवर गेले. यंत्राच्या डोक्यावर वहीएवढं सौर पॅनेल असतं. त्यावर मामांनी काळी बाहुली, लिंबू-मिरची आणि आपली एक जुनी चप्पल बांधली होती. इतक्या लोकांची नजर त्याच्यावर होती की मामांना राहवेना. त्यांच्या दृष्टीने चप्पल नजर अडवत होती, प्रत्यक्षात ती ऊन अडवत होती. आम्ही तडजोड केली. बाहुली खांबाच्या उत्तरेला बांधली. तिथून सावली पडत नाही. हे मी होकायंत्राने तपासलं.

यानंतर मोबाइलवर आकडे येऊ लागले. मी आत्याला अभिमानाने दाखवलं : एकतीस.

आत्याने विचारलं, एकतीस काय? मी सांगितलं की शंभर भाग मातीत एकतीस भाग पाणी. आत्या वाकली, वरची माती बाजूला सारून आतली मूठभर घेतली, दाबली, उघडून पाहिली, अंगठ्याने गोळा फोडला आणि म्हणाली, "वापसा हाय."

हा शब्द मी कधी नीट ऐकला नव्हता. आमच्या अभ्यासक्रमात तो नव्हता. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही, गोळा होतो पण हाताला चिकटत नाही आणि अंगठा लावला की भुगा होतो, या स्थितीला वापसा म्हणतात. माझ्या पुस्तकात यासाठी दीड पानाची व्याख्या, एक आलेख आणि तळटीप आहे. आत्याकडे तीन अक्षरं होती. मी ताबडतोब ठरवलं की तिची मूठ आणि यंत्राचा आकडा यांची रोज तुलना करायची. मूठ किती चुकते ते शास्त्रीय पद्धतीने बघावं, असा माझा हेतू होता. तो लपवून ठेवण्याइतकी सभ्यता मी पाळली.

ॲपमध्ये माइकचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं 'तुमच्या भाषेत बोला'. मी आत्याला शिकवलं : रोज सकाळी मूठ दाबायची, माइक दाबायचा आणि माती कशी आहे ते बोलायचं. बोललेलं साठतं, मी नंतर आकड्याशी जुळवीन. आत्याने पहिल्या दिवशी माइक तोंडाला लावून, दूरच्या माणसाला हाक मारावी तसं सांगितलं, वापसा हाय. आतून एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "आपली विनंती नोंदवली आहे. धन्यवाद." आत्याने तिला धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी शेत ओलं असतं. आत्या म्हणाली, वापसा आला नाय अजून. बाई म्हणाली, "आपल्याला झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." आत्या हरखली. तिने मला फोन करून सांगितलं की बाई लय चांगल्या वळणाची हाय, पाणी मी जास्त सोडलं आणि माफी ती मागते. मला या सौजन्याचं नवल वाटायला हवं होतं. मी उलट त्याचं श्रेय घेतलं. मी म्हणाले, आत्या, हल्लीची तंत्रज्ञानं तशीच असतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माती कोरडी पडत चालली. आत्याने माइकला सांगितलं, "वापसा राहिला नाय." बाई म्हणाली, "आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे."

त्याच दिवशी चार वाजता गावावर एक सर येऊन गेली. माझ्या मोजणीप्रमाणे अकरा मिलिमीटर. आसपासच्या गावांत थेंब नाही.

पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही. अशी स्थानिक सर ही सांख्यिकीय दृष्ट्या सामान्य घटना आहे हे मी पारावर उभं राहून सांगितलं. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग नाथाभाऊंनी विचारलं, "ताई, ते वरिष्ठ म्हणजे मुंबईचे, का त्याच्याबी वरचे?" आणि त्यांनी बोट आभाळाकडे नेलं. ॲप फुकट होतं. यंत्र नसलं तरी माइक चालायचा. दोन दिवसांत गावातल्या एक्केचाळीस मोबाइलवर ओलमित्र आलं आणि एक्केचाळीस माणसांनी, आत्याच्याच शब्दांत, वापसा राहिला नाय असं कळवलं. शब्द बदलले तर गुण जाईल म्हणून कुणी काना-मात्रा हलू दिली नाही. नाथाभाऊंचं शेत चढावर आणि जास्त कोरडं, म्हणून ते दिवसातून तीन वेळा कळवायचे. सगळ्यांची तक्रार वरिष्ठांकडे गेली. पाऊस काही आला नाही. नाथाभाऊ म्हणाले, वरिष्ठांकडे कामाचा ताण असेल.

एवढ्यात इकडे माझी पंचाईत झाली होती. एकोणीस दिवसांची मूठ आणि एकोणीस दिवसांचे आकडे मी शेजारी-शेजारी मांडले. मूठ चुकत नव्हती. अठ्ठावीस ते चौतीस टक्के या पट्ट्यात आत्या दर वेळी वापसा म्हणत होती. सव्वीसला 'जातोय' म्हणायची आणि चोवीसला 'राहिला नाय'. यंत्र चूक की मी, असा प्रश्न पडला. यंत्र बरोबर होतं. पण जमेची बाजू अशी की त्या एकोणीस दिवसांत आम्ही फक्त चार पाणी दिलं होतं. दसऱ्याला अठरा दिवस आणि विहिरीत चार पाणी. अवघड होतं, अशक्य नव्हतं.

विसाव्या दिवशी प्रयोगशाळेत असताना मामांचा फोन आला. ते खुशीत होते. कंपनीचा माणूस येऊन यंत्र घेऊन गेला, चहा पाजला, त्याने मोबाइलवर आलेला चार आकडी नंबर मागितला तोही दिला, कामात हयगय केली नाही, असं ते म्हणाले.

मी पोचले तेव्हा झेंडूच्या सरीत यंत्राच्या जागी खड्डा होता आणि काळी बाहुली एकटीच उत्तरेला लटकत होती. कुरियरवाले समाधानराव अजून तिथेच होते. ते गोठ्याच्या मागे काहीतरी शोधत होते. चाळिशीचा, अतिशय सरळ माणूस. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं : परत घ्यायचे नग बारा, कारण ग्राहक असमाधानी. त्यांना एक मिळाला होता, उरलेले अकरा ते सौम्यपणे मागत होते. आत्याला नग कळले नाहीत, पण असमाधानी कळलं. ती म्हणाली, "कोण असमाधानी? मी? त्या बाईला रोज धन्यवाद म्हनते मी."

मी ॲप उघडून आतल्या नोंदी पाहिल्या आणि तिथेच, खड्ड्याच्या काठावर, खाली बसले. माइकमागचा कान हिंदी वळणाचा होता. 'वापसा हाय' त्याने 'वापस है' असं लिहून घेतलं होतं, म्हणजे वस्तू परत करायची आहे. अशा बारा विनंत्या. 'वापसा आला नाय अजून' म्हणजे परत न्यायला कुणी आलं नाही, म्हणून दिलगिरी. 'वापसा राहिला नाय' म्हणजे परतीचं काम राहिलं, म्हणून वरिष्ठ. आत्या एकोणीस दिवस मातीचं बोलत होती आणि कंपनी एकोणीस दिवस सामानाचं ऐकत होती. दोन्ही बाजूंनी सौजन्याची कमतरता नव्हती.

मी समाधानरावांना मराठीत, मग विज्ञानात आणि शेवटी रडवेल्या आवाजात समजावलं. ते म्हणाले, ताई, मला पटतंय, पण एकदा तो नंबर दिला की माल कंपनीचा. अकरा नग ग्राहकाने दिले नाहीत असा शेरा मारून, मामांना नमस्कार करून ते गेले. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथेही तीच गोड बाई. मी अत्यंत काळजीपूर्वक म्हणाले, मला यंत्र वापस करायचं नव्हतं, ते परत पाठवा. बाईंना या वाक्यात दोनदा परत सापडलं. त्यांनी नगांची संख्या तेरा केली.

संध्याकाळी मी आत्यासमोर बसले. आपल्याला आपलीच कीव येते तेव्हा माणूस फार स्पष्ट बोलतो. मी म्हणाले, "आत्या, मी सांगितलं म्हणून तू दहा गुंठे ठेवलेस. आता यंत्र नाही. अजून उपटायचे असतील तर उपटू."

आत्या भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कळ्या धरल्यात आता. कळीवरचं झाड उपटत नसतेत. तुझ्या वहीत काय लिवलंय ते सांग आधी."

माझ्या वहीत तिच्या मुठीचं भाषांतर होतं. मूठ 'जातोय' म्हणाली की सव्वीस, सव्वीसनंतर साधारण दीड दिवस झाड तगतं, मग पाणी. यंत्राने जाता-जाता आत्याला आकडे दिले नसतील, पण आत्याच्या शब्दांना आकडे दिले होते. ठरलं असं की पाणी द्यायचं ते मूठ आणि वही दोघी हो म्हणाल्या तरच. तिसरा कौल माझ्या मुठीचा. आत्याने अट घातली की रोज आधी मी दाबायची, बोलायचं, मग ती सांगणार चूक की बरोबर. मी रोज सकाळी सहाला निघून अठरा किलोमीटर जाऊन माती दाबायचे आणि साडेदहाला मुलांना सूक्ष्ममापक शिकवायचे. पहिले सहा दिवस मी सलग चुकले. आत्याने मला 'चिखल' आणि 'ढेकूळ' यांतला फरक सांगितला, तोसुद्धा शेजारच्या बायांसमोर.

दसऱ्याला नऊ दिवस असताना कंपनीचे साहेब आले, सुनील नाव. ज्या गावात कंपनीचं एकही यंत्र उरलेलं नाही त्या गावातून एक्केचाळीस लोक ते परत घ्या म्हणून रोज का कळवताहेत, याचा शोध त्यांना वरिष्ठांनी घ्यायला लावला होता. वरिष्ठ खरंच होते हे ऐकून नाथाभाऊंना बरं वाटलं. सुनीलसाहेब पुण्याचे, पांढरा शर्ट, बोलणं नम्र. त्यांनी विचारलं, वापसा म्हणजे नेमकं काय? मी व्याख्या सुरू केली. आत्याने तेवढ्यात त्यांच्या हातात मातीचा मुठका ठेवला आणि दाबा म्हणाली. त्यांनी दाबला. फोडा म्हणाली. त्यांनी फोडला. शर्टावर भुगा पडला.

"हा वापसा," आत्या म्हणाली. "लिवून घ्या. आन तुमच्या बाईला सांगा, आमी काय बी वापस करत नाय. आमी तिला खुशाली सांगतोय."

सुनीलसाहेबांनी लिहून घेतलं. यंत्र पंधरा दिवसांत परत येईल म्हणाले, कारण ते आता परतीच्या गोदामात होतं आणि परत आलेली वस्तू परत पाठवायला कंपनीकडे फॉर्म नव्हता.

दसऱ्याला सहा दिवस राहिले आणि विहिरीत एक पाणी. माझ्या आयुष्यात मी एवढा अवघड प्रश्न सोडवलेला नाही. दुपारी एकच्या उन्हात झेंडूची पानं मान टाकत होती. मला ते बघवेना. नाथाभाऊ म्हणत होते, आज सोडा. मोबाइलवर उद्या ऐंशी टक्के पाऊस दिसत होता, म्हणजे सोडू नका. मामा म्हणाले, अर्धं आज सोडा, अर्धं उद्या. अर्धं पाणी मुळापर्यंत पोचतच नाही, म्हणून तो सल्ला मी गणिताने फेटाळला, मामा मनाला लावून घेऊन उंबराखाली जाऊन बसले. आत्याने मला नजरेनेच सरी दाखवली.

मी वाकले. वरची माती सारली, आतली मूठभर घेतली, दाबली. गोळा झाला. चिकटला नाही. अंगठा लावला तर भुगा झाला, पण दमट. धूळ नाही. म्हणजे आत अजून ओल होती.

"आहे अजून," मी म्हणाले. "परवा सकाळी जाईल."

"मंग परवा सकाळी देऊ," आत्या म्हणाली आणि पंपाच्या खोलीची किल्ली कमरेला खोचली.

ऐंशी टक्के पाऊस दुसऱ्या दिवशी आलाच नाही, उरलेले वीस टक्के खरे निघाले. परवा सकाळी शेवटचं पाणी दिलं. पंप शेवटी गुरगुरला, हवा ओढू लागला आणि शेवटच्या सरीच्या शेवटच्या झाडाशी ठिबक दोनदा टपटपून थांबलं. मी विहिरीत वाकून पाहिलं. तळाचा दगड दिसत होता, त्यावर एक खेकडा गोंधळून इकडे-तिकडे बघत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोडणी झाली. वीसच्या वीस गुंठे. पेठकडच्या भागीबाईंची टोळी सकाळपासून लागली होती आणि तरी दुपारपर्यंत शेत पिवळंच दिसत होतं. मी कॉलेजातून रजा घेतली, कारण 'झेंडू'. प्राचार्यांनी ती मंजूर केली आणि पाच किलोचा शेरा मारला. गाडीत शेवटचा क्रेट चढला तेव्हा मामा, जे पाच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते, त्यांनी माझ्या डोक्यावर मोठं फूल ठेवून मनोमिलन केलं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आत्या आणि मामा लेकीकडे वणीला गेले. एव्हाना परतीचा पाऊस चांगला पडून विहिरीला सात-आठ पाणी आलं होतं आणि त्याच झाडांवर दिवाळीच्या कळ्या धरू लागल्या होत्या. सकाळी आत्याचा फोन आला. मागे देवळाच्या घंटा वाजत होत्या. शेतावर जा म्हणाली आणि पाणी सोडायचं का ते बघून सांग. सुनीलसाहेबांनी यंत्र पाठवलं होतं, नव्या कानासह, पण ते खोक्यातच होतं. ते पुरायचं कुठे यावर गावात पुन्हा चर्चा सुरू होती.

मी सरीत उतरले. फोन खांद्याशी धरून मूठ दाबली, गोळा फोडला, भुगा पाहिला.

"आत्या, वापसा आहे," मी सांगितलं.

"हाय म्हन की," आत्या म्हणाली. "बरं मंग, ऱ्हाऊ दे पाणी." आणि तिने फोन ठेवला. वहीप्रमाणे आकडा किती, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितला नाही.